‘ऑथेल्लो’तील ‘ऑनेस्ट’ : एका शब्दाची अर्थचिकित्सा

विल्यम एम्प्सन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील ‘ऑनेस्ट’ व ‘ऑनेस्टी’ यांच्या ५२ प्रयोगांची चिकित्सा केली आहे. एका साध्या विशेषणाची ही पुनरुक्ती केवळ शैलीचा विशेष नव्हे. नाटकातील अनर्थाला त्या शब्दाची अनेकार्थताच वाट करून देते.

सन्मानवाचक लॅटिन शब्दापासून आलेल्या या विशेषणाचे शेक्सपिअरच्या काळी निदान चार अर्थ प्रचलित होते. सत्यनिष्ठ हा एक. मोकळ्या मनाचा, स्पष्टवक्ता हा दुसरा. वरिष्ठाने कनिष्ठाला कौतुकाने, पण वरच्या पायरीवरून, ‘भला माणूस’ म्हणावे तसा तिसरा. स्त्रीविषयी बोलताना मात्र त्याचा अर्थ शीलवती असा होई. हा चौथा अर्थ आजच्या इंग्रजीतून जवळजवळ लोपला असल्याने आधुनिक वाचकाच्या तो सहसा ध्यानी येत नाही.

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात या चारही अर्थांची गुंतागुंत दिसते. कॅशिओ ‘ऑनेस्ट’ आहे ना, असे ऑथेल्लो विचारतो. इयागो उत्तर न देता तोच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत करतो. कॅशिओच्या सचोटीविषयी निघालेली शंका पाहता पाहता डेस्डिमोनाच्या शीलावर येऊन ठेपते. शब्द तोच राहतो, अर्थ तेवढा सरकतो. ‘ऑनेस्ट’ म्हणून गौरविलेला सेवक आणि तशी नसल्याचा संशय घेतलेली पत्नी एकाच शब्दाने मोजली जातात, आणि दोन्ही मोजमापे खोटी ठरतात.

मराठीत या नाटकाची परंपरा जुनी आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध झाले, गो. ब. देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) हे त्याच नाटकाचे रूपांतर होय. मराठी भाषांतरकारापुढील पेच उघड आहे. ‘प्रामाणिक’ हा शब्द सत्याला व व्यवहाराला पुरतो, शीलाला पुरत नाही. प्रसंगपरत्वे ‘प्रामाणिक’, ‘मोकळा’, ‘पतिव्रता’ असे भिन्न प्रतिशब्द योजले तर प्रत्येक वाक्य अचूक उतरेल, परंतु इयागोच्या हातचे शस्त्रच नाहीसे होईल. ‘भला’ हा शब्द सत्यनिष्ठेच्या अर्थी दुबळा आहे. तथापि ‘भल्या माणसा’ या संबोधनातील वडीलकी आणि ‘भल्या घरची स्त्री’ यातील शीलाची सूचना त्या एकाच शब्दात नांदतात. कोशातील अचूकपणा थोडा गमावूनही एकच शब्द अखेरपर्यंत राखणे, हीच येथे मूळ कृतीशी अधिक निष्ठा ठरते.