स्कॅनर चालू झाला, पण बरोबर मोजतोय का?

मागच्या वेळी मी तुम्हाला फुटक्या खापराच्या काठावरून अख्ख्या मडक्याचं तोंड किती रुंद असेल, हे कसं काढतात ते सांगितलं होतं. काठाची कमान घ्यायची आणि ती केवढ्या वर्तुळाचा तुकडा आहे ते शोधायचं. आज त्याच कामातली एक चूक सांगते. ती माझी आहे, पण फक्त माझी नाही, म्हणून थोडी टीकाही करणार आहे.

काम तेरचं. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणच्या जोडीने त्याचं नाव येतं; इथला माल गाड्यांतून भडोचला जायचा. शिवाय हे गोरोबाकाकांचं गाव, त्यामुळे मडक्यांशी असलेलं नातं वेगळं सांगायला नको. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात, तर या मातीतून काय काय निघालंय ते दिसेलच.

खापराचा काठ पालथा करून फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर ठेवला, की कमान नेमकी टिपली जाते. यासाठी मला जुना, जाडजूड स्कॅनरच लागतो. त्यात आरसे, भिंग आणि सीसीडी सेन्सर असतो, त्यामुळे काचेपासून थोडा वर असलेला भागही स्पष्ट येतो. आता मिळणारे पातळ, स्वस्त स्कॅनर बहुतेक सीआयएस पद्धतीचे. कागदाला उत्तम, पण वस्तू काचेपासून जराशी उचलली गेली की धूसर. म्हणजे ‘जुना टाका, नवा घ्या’ हा सल्ला इथे कामाचाच नाही.

त्या जुन्या स्कॅनरचा दातेरी पट्टा तुटला. सेन्सरची गाडी पुढे-मागे ओढणारा हा पट्टा. अधिकृत दुरुस्तीवाल्यांचं उत्तर: पट्टा सुटा मिळत नाही, पूर्ण युनिट बदला. खर्च जवळपास नव्या यंत्राएवढा. मग बाजारातल्या एका कारागिराने भंगारातल्या त्याच मॉडेलचा पट्टा काढून बसवून दिला. यंत्र चालू झालं, चित्रं सुरेख येऊ लागली, मी खूश. पुढे बरेच दिवस खापरं स्कॅन करत राहिले.

एक दिवस सहज स्टीलची पट्टी काचेवर ठेवली. ३०० डीपीआयला १०० मिलिमीटरचे ११८१ पिक्सेल यायला हवेत. आडवी ठेवली तर ११८१ आले. गाडीच्या दिशेने उभी ठेवली तर ११९३. दहा सेंटीमीटरमागे एक मिलिमीटर जास्त!

कारण साधं. जुना पट्टा ढिला होता. मोटर फिरायची, पण गाडी मध्येच क्षणभर अडायची. तेवढ्या वेळात तीच ओळ पुन्हा टिपली जायची आणि चित्र तिथे ताणलं जायचं. आडवी दिशा सेन्सर आणि भिंग ठरवतात, म्हणून ती बिनचूक राहिली.

एक टक्का म्हणजे किरकोळ वाटतं ना? उथळ कमानीची त्रिज्या साधारणपणे तिच्या दोन टोकांमधल्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. कमान ताणाच्या दिशेने ठेवली तर त्रिज्या सुमारे २ टक्के जास्त, काटकोनात ठेवली तर १ टक्का कमी. एकच खापर, कसं ठेवलं त्यावर दोन वेगळी मडकी! आणि ताण सगळीकडे सारखा नसल्यामुळे एका आकड्याने भागून दुरुस्तीही करता येत नाही.

आता टीका. पहिली, सुटे भाग न देणाऱ्यांवर. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे. पण छोटा पट्टा सुटा मिळाला नाही, तर माझ्यासारख्यांनी भंगाराकडे वळायचं नाही तर कुठे?

दुसरी, आपल्या जुगाडाच्या कौतुकावर. भंगारातला भाग वापरण्यात काही चूक नाही. मी पुन्हाही वापरेन. चूक आहे ती ‘चालू झालं ना, मग झालं’ या समाधानात. कागद स्कॅन करणाऱ्याला ते चालतं. मोजणाऱ्याला चालत नाही.

तिसरी टीका सगळ्यात जवळची, आमच्या प्रबंधांवर. पद्धतीच्या प्रकरणात आम्ही स्कॅनरचं मॉडेल आणि डीपीआय लिहितो. कोणता भाग कधी बदलला, त्यानंतर काय तपासलं, हे सहसा लिहीत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, यंत्र कारखान्यातून आलं तसंच आहे.

तेव्हा माझा नियम असा. अॅडॉप्टर, केबल, झाकणाची बिजागरी हे भाग स्वस्तातले, भंगारातले, कसलेही चालतील. फक्त व्होल्टेज, अँपिअर आणि पिनची दिशा जुळवा. पट्टा, पुली किंवा गाडीचा दांडा यांना हात लागला, तर पट्टी आडवी-उभी ठेवून काचेच्या तीन-चार जागी मोजा. दिव्याबाबत जास्त जपा. जुन्या नळीच्या जागी एलईडी पट्टी बसवली, तर आतल्या पांढऱ्या पट्टीवरून यंत्र उजेडाची पातळी सावरून घेतं, पण प्रकाशाचा स्वभावच बदललेला असतो. खापराचा तांबडा रंग मग वेगळाच दिसतो. रंगपट्टीचं कार्ड सोबत ठेवल्याशिवाय त्या रंगावर निष्कर्ष काढू नका.

माझ्या स्कॅनरला शेवटी नवा पट्टा लागलाच नाही. दांडा पुसून तेलाचा थेंब दिला, ताण देणारी स्प्रिंग नीट बसवली, आता दोन्हीकडे ११८१ येतात. महाग पडलं ते बाकीचं: त्या दिवसांतली सगळी खापरं पुन्हा काचेवर ठेवतेय. प्रत्येक स्कॅनमध्ये आता एक स्टीलची पट्टी आडवी आणि एक उभी असते. चित्र थोडं कमी सुंदर दिसतं, पण दिसू दे.