सांधा आणि साचा

संचातील सर्व गाण्यांचा ध्वनी एकाच साच्यात बसविला म्हणजे संचाला एकसंधता येते, असा एक समज दृढ आहे. गायकाचा आवाज सर्वत्र सारख्याच अंतरावर, घुमारा तोच, तालवाद्यांचा जोरही तोच. बीटल्स या इंग्लिश चौकडीचा २२ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध झालेला आणि कोऱ्या वेष्टनामुळे ‘व्हाइट अल्बम’ म्हणून ओळखला जाणारा दोन तबकड्यांचा संच ऐकताना हा समज तपासून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

संचातील तीस रचनांपैकी अनेक त्याच वर्षी हृषीकेशच्या मुक्कामात सुचल्या. लंडनला ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि चौघांतील बेबनाव वाढला. ऑगस्टमध्ये तालवादक रिंगो स्टार काही दिवस निघूनच गेला. त्याच्या गैरहजेरीत ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’ अॅबी रोडवर चार ट्रॅकांच्या यंत्रावर, तर ‘डिअर प्रूडन्स’ ट्रायडंट स्टुडिओत आठ ट्रॅकांच्या यंत्रावर मुद्रित झाले. पहिले दणदणीत, दाटीवाटीचे; दुसरे विरळ, हळूहळू उलगडणारे. तरीही संचाच्या आरंभीच ही दोन गाणी लागोपाठ ऐकताना खाच जाणवत नाही. पहिल्याच्या अखेरीची विमानाची घरघर विरत जाते आणि तिच्यातूनच दुसऱ्याची गिटार वर येते. ध्वनी पालटला, पण धागा तुटला नाही. दुभंगलेल्या घराची भेग येथे ध्वनिमिश्रणाने बुजविली आहे.

तिसऱ्या बाजूवरील ‘हेल्टर स्केल्टर’ कानठळ्या बसविणारे आहे. स्टिरिओ आवृत्तीत ते मावळते, पुन्हा उसळते आणि बोटांना फोड आल्याच्या रिंगोच्या ओरडण्याने संपते. मोनो आवृत्तीत हा शेवट नाही. लगेच येते जॉर्ज हॅरिसनचे ‘लाँग, लाँग, लाँग’. त्यातील ‘तू’ म्हणजे देव, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ते इतक्या हलक्या आवाजात आहे की ध्वनी वाढविण्यासाठी हात पुढे जातो. तो आवरावा! त्या आरोळीनंतर ही कुजबुज जो निवांतपणा देते, तो दोन्ही गाणी एका पातळीवर आणली असती तर हरवला असता. भक्तिगीतांचा संच काढणाऱ्या आपल्या गायकवृंदांनीही विचार करावा: मिरवणुकीचे गीत आणि एकांतातील प्रार्थना एकाच घुमाऱ्यात का कोंडावी?

गाण्यांचा क्रम १६ व १७ ऑक्टोबरला, सुमारे चोवीस तासांच्या एकाच बैठकीत लागला. हॅरिसनची चार गाणी चार बाजूंना एकेक अशी वाटली गेली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना मात्र एकच तबकडी पुरेशी वाटत होती. ‘वाइल्ड हनी पाय’ वगळले असते तर आम्हांस हळहळ वाटली नसती, हे खरे. पण निम्मी गाणी गाळली असती तर वर सांगितलेले शेजारही मोडण्याचा धोका होता.

शेवटचा सांधा मात्र आम्हांस पटत नाही. आठ मिनिटांच्या ‘रिव्होल्यूशन ९’मधील गोंगाटानंतर येणारे ‘गुड नाइट’ हे अंगाईगीत वाद्यवृंदाने आणि समूहस्वरांनी इतके गोड केले आहे की ते दुसऱ्याच संचातून आणल्यासारखे वाटते. तेथे केवळ रिंगोचा साधा, किंचित अवघडलेला आवाज पुरला असता.