गोष्ट कुणाची? ‘दिवास्वप्न’चे पुनर्वाचन आणि सूरतेतील मराठी वर्ग

गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या छोटेखानी पुस्तकाचा उल्लेख बालवाडी-शिक्षिका प्रशिक्षणाच्या वर्गांत हमखास होतो. खेळ, गोष्ट, आनंददायी शिक्षण असा विषय निघाला की आपण अध्यापक मंडळी गिजुभाईंचे नाव घेतो आणि पुढे जातो. पुस्तक मात्र फार थोड्यांनी सलग वाचलेले असते. प्रस्तुत लेखात या पुस्तकाचा एकाच अंगाने विचार करावयाचा आहे. मुलांनी स्वतः गोष्ट रचावी, यासाठी ‘दिवास्वप्न’ आपल्याला कितपत उपयोगी पडते?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गिजुभाई (1885–1939) मूळचे वकील. मुलाच्या जन्मानंतर त्यांचे लक्ष बालशिक्षणाकडे वळले, माँटेसरीबाईंचे लेखन त्यांनी वाचले आणि 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. 1920 मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. ‘दिवास्वप्न’ हे गुजरातीतून 1930च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. ती नोंदवही नाही, कथा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एक उत्साही शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो आणि त्याच्यावर प्रयोग करतो, एवढेच कथानक. पुस्तकाचे नावच सांगते की हे स्वप्न आहे.

पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग अगदी आरंभीचा. पहिल्या दिवशी शिक्षक शांतीचा खेळ घेऊ पाहतो. मुले ओरडतात, तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढतात, प्रयोग साफ फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो. एक राजा, त्याच्या सात राण्या, राण्यांची मुले. वर्ग एकदम चिडीचूप. मग शिक्षक गोष्ट थांबवतो, हजेरी घेतो, पुन्हा गोष्ट सुरू करतो. गोष्ट दिवसचे दिवस चालते. प्रशिक्षणाच्या वर्गात हा प्रसंग वाचून दाखवला की विद्यार्थिनी खुश होतात, कारण प्रत्येकीला असाच गोंगाटाचा वर्ग सांभाळायचा असतो.

पण या प्रसंगात गोष्ट काय काम करते आहे? ती मुलांना बसवते आहे. काल जे शांतीच्या खेळाला जमले नाही ते आज सात राण्यांना जमले. हजेरीसाठी गोष्ट अडवून धरली जाते, ती पुढे ऐकायची म्हणून मुले मुकाट्याने नावे देतात. छडीपेक्षा हे शंभर पटींनी बरे, यात शंका नाही, आणि गिजुभाईंच्या काळी छडी हा अलंकार नव्हता, रोजचा व्यवहार होता. तरीही दोर शिक्षकाच्याच हातात आहे. सांगणारा एक, ऐकणारे सारे.

पुस्तकाचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे आणि तो कमी वाचला जातो. पाठ्यपुस्तकांच्या पैशातून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. व्याकरण खेळातून येते, इतिहास गोष्टीतून येतो. आणि मुले ऐकलेल्या गोष्टींची नाटके करतात. ही नाटके घोकून पाठ केलेली नसतात. गोष्ट माहीत आहे, पात्रे ठरली आहेत, संवाद ज्याचे त्याने जागच्या जागी बोलायचे, असा तो प्रकार आहे. माझ्या मते ‘दिवास्वप्न’मधील सर्जनशील कथनाची खरी जागा इथे आहे. मूल राजा झाले की राजाने काय बोलावे हे त्यालाच ठरवावे लागते. खेळ सुरू झाला की शिक्षक आपोआप बाजूला होतो, पेटीवाल्यासारखा कोपऱ्यात बसतो.

मात्र याच्याही पुढची पायरी, म्हणजे मुलाने स्वतःची गोष्ट सांगावी आणि बाकीच्यांनी ती खेळावी, ही ‘दिवास्वप्न’मध्ये केंद्रस्थानी येत नाही. याचा दोष लेखकाला देणे अन्यायाचे होईल. परीक्षा, अधिकारी, हेटाळणी करणारे सहकारी आणि तक्रार करणारे पालक यांच्या मध्ये सापडलेल्या शिक्षकाची ती कथा आहे. शिवाय माँटेसरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा व अद्भुतरस मान्य नव्हता. त्यांचे अनुयायी म्हणवून घेणाऱ्या गिजुभाईंनी मात्र गोष्टीला शाळेत मानाचे पान दिले आणि ‘वार्तानुं शास्त्र’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गुरूचे सगळे ऐकायचे नाही, हे धाडस त्यांनी दाखवले. ते न दाखवते तर आज आपण या विषयावर बोलतही नसतो.

मराठीत हा वारसा ताराबाई मोडक यांनी आणला. त्या काही वर्षे भावनगरला गिजुभाईंबरोबर होत्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. हा सारा मुलूख तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला, 2014 पासून पालघर जिल्ह्यातला, आणि सूरतेहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचा. तेथील अनुभव असा की वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, अंगणात गेली. शिंपले, पाने, बिया, खडे हीच साधने झाली. महागडी खेळणी न घेता मुलाच्या हाताशी असलेली वस्तू खेळात आणायची, ही युक्ती आपण कोसबाडकडून शिकलो. वस्तूच्या बाबतीत शिकलो, भाषेच्या बाबतीत मात्र पुरते शिकलो नाही.

आता सूरत. येथील नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतूनही चालतात. लिंबायत, उधना या भागांत यंत्रमाग आणि साड्यांच्या कामासाठी खानदेशातून आलेली कुटुंबे दाट वस्तीने राहतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. त्यांच्या मुलाच्या घरात अहिराणी किंवा दखनी वळणाची उर्दू, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी असा चौरंगी कारभार असतो. याच शहरावर वली दखनीने मसनवी लिहिली होती, आणि त्याची भाषाही एका साच्यातली नव्हती.

अशाच एका वर्गात (शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही) मी पाठनिरीक्षणासाठी मागे बसलो होतो. प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने तयारी चांगली केली होती. मोज्यांच्या बाहुल्या, पुठ्ठ्याचे झाड, वाघाचा मुखवटा. तिने मुलांना सांगितले, आता तुम्ही गोष्ट सांगा. पाच-सहा वर्षांची एक मुलगी पुढे आली, बकरीची बाहुली हातात घातली आणि म्हणाली, “वाघ उना.” शिक्षिका प्रेमाने म्हणाली, “उना नाही बाळा, वाघ आला.” मुलगी म्हणाली, “आला.” मग थांबली. “पुढे काय झालं?” मुलीने बाहुली काढून टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. नंतर दुसऱ्या मुलाने पुस्तकातली ससा-कासवाची गोष्ट जशीच्या तशी म्हणून दाखवली. त्याला टाळ्या मिळाल्या. निरीक्षण-तक्त्यात ‘विद्यार्थी सहभाग : उत्तम’ असा शेरा पडला. तो शेरा माझाच होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्या मुलीच्या वाघाचे पुढे काय झाले हे मला कळले नाही.

साधने कमी पडली नव्हती. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आणि 2023 मध्ये आलेली ‘जादुई पिटारा’ ही पेटी यांमुळे बाहुल्या, चित्रपत्ते, खेळणी यांना आता सरकारी मान्यताही आहे. आराखडा घरच्या भाषेलाही स्थान देतो. परंतु पेटी उघडून गोष्ट निघत नाही. अमेरिकेतील शिक्षिका व्हिव्हियन पेली (1929–2019) यांची पद्धत येथे तुलनेला घ्यावीशी वाटते. त्यांच्या शिकागोच्या बालवर्गात मूल गोष्ट सांगे, बाई ती त्याच्याच शब्दांत लिहून घेत, आणि त्याच दिवशी सारा वर्ग ती खेळून दाखवी. ‘वॉलीज स्टोरीज’ (1981) या पुस्तकात अशा कथनांचा विस्तृत पट आहे. तेथे शिक्षकाचे काम लेखनिकाचे. लेखनिकाने सांगणाऱ्याची भाषा सुधारायची नसते. पद्धतीला पैसा लागत नाही, वही आणि पेन्सिल लागते. चाळीस-पन्नासच्या वर्गात रोज सर्वांची गोष्ट लिहिणे शक्य नाही, ही हरकत रास्त आहे. रोज दोघांची लिहावी. मुले आपली पाळी विसरत नाहीत.

इटलीचे जान्नी रोदारी (1920–1980) यांची ‘कल्पनेचे व्याकरण’ या 1973 च्या पुस्तकातील युक्तीही उपयोगी आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, आणि त्यांची गाठ घालायची. सूरतेत माग आणि ऊंट, पतंग आणि वजू असे घ्यावेत. मात्र ही युक्ती मोठ्या मुलांना, तिसरी-चौथीच्या पुढे, अधिक मानवते असा माझा कयास आहे. लहानांना कोडे घातल्यासारखे होते.

आपल्या संस्थेच्या वाचकांना एक जवळचे उदाहरण द्यावेसे वाटते. 1937 च्या वर्धा योजनेच्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन (1897–1969) यांनी उर्दूत मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’ ही कथा लिहिली. फ्रेंच लेखक अल्फोन्स दोदे यांच्या बकरीला त्यांनी अलमोड्यात आणले. चांदनी नावाची बकरी दावे सोडून डोंगरात जाते, लांडग्याशी रात्रभर झुंजते आणि पहाटे मरते. मग झाडावरचे पक्षी वाद घालतात, जिंकले कोण? ही गोष्ट शिकवताना आम्ही शिक्षक मंडळी शेवटी ‘तात्पर्य’ लिहायला सांगतो. लेखकाने मात्र वाद पक्ष्यांवर सोपवला आहे, आणि तो एक तयार खेळ आहे. अर्धा वर्ग पक्षी होऊ द्या, एक चांदनी, एक लांडगा, एक अब्बू खाँ. चांदनी कुणाच्या भाषेत बोलते ते पाहा. कुणी तिला जिवंत ठेवील, कुणी लांडग्याला पश्चात्ताप करायला लावील, कुणी अब्बू खाँला कंदील घेऊन डोंगरावर धाडील.

पुढील सत्राच्या पाठनिरीक्षण-तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे. मुलाचे पहिले वाक्य, जसे उच्चारले तसे. विद्यार्थिनींनी विचारले, अहिराणी शब्द देवनागरीत कसा लिहायचा, चूक धरली जाईल का? मी फळ्यावर ‘उना’ लिहिले.