‘गर्जा महाराष्ट्र माझा’ : एका समूहगीताची घडण

प्रस्तावना :
१९६० च्या दशकात लोकगायनाची परंपरा आणि ध्वनिमुद्रणाचे नवे तंत्र यांच्या संयोगातून अनेक लोकप्रिय गीते जन्मास आली. बॉब डिलन यांच्या ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ या गीताला ‘द बर्ड्‌स’ या अमेरिकन वृंदाने १९६५ मध्ये विद्युत गिटारची जोड दिली आणि ‘फोक-रॉक’ ही संज्ञा रूढ झाली. मराठीत असा संयोग १ मे १९६० च्या राज्यस्थापनेशी निगडित असलेल्या ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीतात त्यापूर्वीच आढळतो. या गीताकडे केवळ स्फूर्तिगीत म्हणून पाहिले जाते. त्याच्या घडणीचा विचार मात्र क्वचितच होतो.

विवेचन :
गीताचे कवी राजा बढे (१९१२-१९७७) नागपूरचे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती, हे लक्षात घेता एकसंध महाराष्ट्राचे गीत विदर्भातील कवीने लिहावे, हे अर्थपूर्ण ठरते. गायक शाहीर कृष्णराव साबळे (१९२३-२०१५) वाईजवळील पसरणीचे. संगीतकार श्रीनिवास खळे (१९२६-२०११) यांची जडणघडण बडोद्यात झाली; ते शहर राज्यस्थापनेच्या दिवशीच गुजरातमध्ये समाविष्ट झाले. अशा प्रकारे तीन भिन्न प्रांतांचे संस्कार या एका गीतात एकवटले आहेत.

बढे आणि खळे या दोघांचीही प्रकृती भावगीताची. त्यामुळे या गीतास पोवाडा म्हणणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. पोवाड्यात प्रसंगांचे कथन असते. येथे कथन नाही, आवाहन आहे. पोवाड्याचे आहे ते साबळे यांच्या आवाजातील मोकळा, चढा स्वर आणि ध्रुवपद उचलून धरणारी समूहाची साथ. रचलेली चाल आणि मैदानात तापलेला आवाज यांच्या मेळातून गीताचे सामर्थ्य सिद्ध होते. एखाद्या नाजूक भावगीतगायकाच्या कंठातून हेच शब्द आले असते, तर त्यांचा परिणाम बराच सौम्य झाला असता.

शब्दकळेत कवीने प्रशासकीय विभागांऐवजी नद्यांची नावे योजली. वरदेतून विदर्भ, गोदावरीतून नाशिक व मराठवाडा, कृष्णा-कोयनेतून दक्षिण महाराष्ट्र सूचित होतो. या नामावलीत तापी मात्र नाही. गिरणेच्या, म्हणजे पर्यायाने तापीच्या खोऱ्यात वसलेल्या नांदगावसारख्या तालुक्यातील वाचकास ही उणीव जाणवणे स्वाभाविक आहे. काव्य म्हणजे नकाशा नव्हे, हे खरे. तथापि २०२३ मध्ये शासनाने या गीतास राज्यगीताचा दर्जा दिला आणि दोन चरणांची, १ मिनिट ४१ सेकंदांची आवृत्ती निश्चित केली. राज्यगीतात प्रत्येक प्रदेश स्वतःचे नाव शोधणारच.

निष्कर्ष :
या गीतात पराक्रमाच्या अभिमानासोबत दारिद्र्य आणि कष्ट यांचीही जाणीव आहे. म्हणूनच ते पोकळ जयघोष ठरत नाही. राज्यगीत म्हणून सावधान स्थितीत ऐकताना त्याचा औपचारिक विधी होण्याचा धोका संभवतो. तो टाळावयाचा असेल, तर महाविद्यालयीन अध्यापनात गीताच्या पाठांतराइतकेच त्याच्या घडणीसही स्थान मिळणे अगत्याचे आहे. तीन प्रांतांतील तीन कलावंतांनी मिळून ते उभे केले. महाराष्ट्राच्या एकतेचा अर्थ त्या घडणीतच अधिक स्पष्टपणे प्रकट होतो.