चित्राखालचं नाव

जुन्या बौद्ध पोथ्यांवरची देखणी पुस्तकं अलीकडे बरीच निघतात. गुळगुळीत कागद, पानभर मोठं केलेलं एखादं चित्र, आणि शेजारी आजच्या वाचकासाठी दोन ओळींची शिकवण: सगळं क्षणिक आहे, धरून ठेवू नका. वाचून दोन घटका बरं वाटतं. पण या पुस्तकांत पोथी कुठंच नसते. चित्र एका जागेवरून उचललेलं, वाक्य दुसऱ्या जागेवरून. ज्यानं ती लिहिली, जिनं पैसे देऊन लिहवून घेतली, ज्यानं सांभाळली, ती माणसं तर गाळलेलीच. माझं म्हणणं असं की ती गाळली की शिकवणसुद्धा वेगळीच होऊन बसते.

एकच पोथी घेऊन बघू. ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ हा महायान बौद्धांचा मोठा ग्रंथ. त्याची एक ताडपत्री प्रत नेपाळात इ.स. १०१५ मध्ये लिहिली गेली. डॅनियल राइट हे काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सीत डॉक्टर होते. १८७३ ते १८७६ या काळात त्यांनी तिथं हस्तलिखितं जमवली, त्यांच्याबरोबर ही प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. ताडपत्राची पानं लांबलचक आणि अरुंद. मजकुराच्या मधे लिहिणाऱ्यानं चौकटी मोकळ्या सोडायच्या, मग चित्रकारानं त्या भरायच्या. या पोथीत अशी ८५ चित्रं आहेत.

आता गंमत बघा. चित्रं आणि मजकूर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मजकुरात गृध्रकूट पर्वतावर बुद्ध, सुभूती, शारिपुत्र, आनंद यांचा संवाद चालू आहे, आणि विषय आहे शून्यता. कशालाच स्वतःचा असा टिकाऊ स्वभाव नाही. सुभूती तर देवांना सांगतो की निर्वाणसुद्धा मायेसारखं, स्वप्नासारखं आहे. आणि त्याच पानावरच्या चौकटीत काय? कुठल्या तरी गावचं देऊळ, स्तूप, तारा, लोकनाथ, आणि जवळ बारीक अक्षरात त्या ठिकाणाचं नाव. सिंहलद्वीप आहे, यवद्वीप म्हणजे जावा आहे, महाचीन आहे, बंगालातली वरेंद्री आहे. आपलं कोकणही एकदा नाही, अनेकदा आहे. एका चित्राखाली कोकणातल्या कृष्णगिरीच्या खड्गचैत्याचं नाव आहे. कृष्णगिरी म्हणजे मुंबईजवळची कान्हेरी. हजार वर्षांपूर्वी हिमालयाच्या कुशीत बसून कुणी तरी आपल्या कान्हेरीचं नाव टाकाने लिहून ठेवलं.

पाश्चात्त्य अभ्यासकांत फुशे यांनी ही नावं वाचून त्यांची यादी केली, म्हणून आज आपल्याला ती कळतात. यातली कितीतरी देवस्थानं आता शोधूनही सापडत नाहीत. ती उरली आहेत फक्त या चौकटींत, चित्राखालच्या नावामुळे.

नाव नसलं तर काय होतं ते बघायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या धार जिल्ह्यात, कुक्षीच्या पलीकडे, बाघच्या लेण्या आहेत. अजिंठ्याच्या बहिणी म्हणाव्यात अशी तिथली भित्तिचित्रं होती. एक बाई तोंड झाकून रडते आहे, दुसरी तिची समजूत काढते आहे. पुढे टिपऱ्या घेऊन फेर धरलेल्या बायका, हत्ती-घोड्यांची मिरवणूक. ती बाई कोण, कशासाठी रडते, कुठल्या जातकातली, हे आज कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही. चित्र आहे, दुःख दिसतं, पण नाव नाही. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असित हलदार यांनी ग्वाल्हेर संस्थानासाठी या चित्रांच्या नकला केल्या. त्या वेळी संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचं काम आपले मो. ब. गर्दे पाहत होते. भिंतीवरची चित्रं पुढे विरत गेली, १९८२ पासून उरलेली काढून घ्यावी लागली. आज सबंध चित्राची कल्पना येते ती नकलांवरूनच. म्हणजे इथंही ज्यानं नक्कल केली त्यानं वाचवलं.

याच लेण्यांत महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. त्यात दान दिलं आहे ते बुद्धाच्या पूजेच्या गंध-धूप-फुलांसाठी, भिक्षूंच्या अन्नवस्त्रासाठी, आणि विहाराची पडझड दुरुस्त करण्यासाठी. सगळं नश्वर आहे असं शिकवणाऱ्यांनी डागडुजीची सोय मात्र आधी करून ठेवली होती. मला यात विसंगती दिसत नाही. पडणार आहे हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच दुरुस्तीचे पैसे बाजूला काढतो.

‘अष्टसाहस्रिके’च्या शेवटी एक कथा आहे. सदाप्ररुदित नावाचा बोधिसत्त्व धर्मोद्गत या गुरूकडे निघाला आहे. पूजेला द्यायला जवळ काही नाही म्हणून तो बाजारात स्वतःला विकायला उभा राहतो. परीक्षा घ्यायला इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन त्याच्याकडे रक्तमांस मागतो, आणि हा आपलं अंग कापू लागतो. माडीवरून एक श्रेष्ठीकन्या हे बघते, खाली येते आणि सरळ विचारते, असं करून तुला मिळणार काय? उत्तर ऐकून म्हणते, लागेल ते धन मी देते, मलाही ने. मग आईवडिलांकडून धन घेऊन, मैत्रिणी-दासींसह रथ जुंपून ती निघते. जैन घरात वाढल्यामुळे ते अंग कापणं मला सोसत नाही. देहाला इतकं निर्दयपणे वागवून धर्म कसा साधेल? पण ती वाण्याची मुलगी मला फार आवडते. शून्यतेचा एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या अखेरीस खर्चाचं बघणारी, प्रवासाची तयारी करणारी एक बाई आहे. प्रत्यक्षातही अशा पोथ्यांच्या दात्यांत कितीतरी उपासिका आहेत. पोथीच्या शेवटी त्या लिहवून घेत, याचं पुण्य आधी आचार्य-उपाध्यायांना, आईवडिलांना आणि मग सगळ्या जीवांना मिळो. देखण्या पुस्तकांत हा मजकूर कधीच छापत नाहीत.

तत्त्वाचं म्हणाल तर माझं बौद्धांशी जमत नाही. आमच्याकडे द्रव्य नित्य, पर्याय बदलतो. कडं मोडून अंगठी केली, कडं गेलं, सोनं राहिलं. पण पोथीच्या बाबतीत दोन्ही घरं सारखीच. आम्ही पर्युषणात ‘कल्पसूत्र’ वाजतगाजत उपाश्रयात नेतो, ज्ञानपंचमीला ग्रंथ काढून झटकतो, पूजतो. आमच्याच मांडवगडावर १४३९ साली, महमूद खिलजीच्या राज्यात, सचित्र ‘कल्पसूत्र’ लिहिलं गेलं. ते आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेही मांडवगडचं म्हणून ओळखता येतं, कारण शेवटी गावाचं नाव आणि साल घातलं आहे.

हे सगळं मी एवढं हट्टानं का सांगते? २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि जुनं निसरपूर पाण्यात गेलं. तेव्हा ‘जाऊ द्या, सगळं नश्वरच आहे’ असं सांगणारे कमी नव्हते. वाक्य बुद्धाचंही आहे, महावीरांचंही आहे. पण ते स्वतःच्या मनाला सांगायचं वाक्य आहे. ज्याचं घर बुडतंय त्याला काठावरून ऐकवायचं नाही. देखणी पुस्तकं ‘धरून ठेवू नका’ एवढंच उचलतात तेव्हा त्यांच्याकडून हीच चूक होते.

केंब्रिजच्या पोथीत आणखी एक नोंद आहे, नंतर घातलेली. ही प्रज्ञापारमिता श्रद्धा नसलेल्या माणसाच्या हाती पडली होती, करुणावज्रानं ती सोडवली; साल येतं ११३९. म्हणजे पोथी लिहून सव्वाशे वर्षं झाली होती. शून्यता आयुष्यभर वाचणारा माणूस एका पोथीसाठी धावला, आणि सोडवल्यावर तसं लिहूनही ठेवलं. आजच्या वाचकाला या पोथ्यांतून काय घ्यायचं असं कुणी विचारलं तर मी ही नोंद दाखवीन. जाणार आहे हे कळणं ही अर्धी शिकवण. जाणार आहे म्हणून नाव लिहून ठेवणं, ही उरलेली अर्धी.

तेव्हा असलं पुस्तक हातात आलं तर आधी बघावं, चित्र कुठल्या पोथीतलं, कुणी लिहवलेलं, चित्राखाली काय लिहिलंय, हे दिलंय का. आणि आपल्या घरात जुन्या गावाहून आलेला एखादा ग्रंथ असेल, तर येत्या ज्ञानपंचमीला तो नुसता झटकून परत ठेवू नये. कुणाच्या घरातून आला, कुठल्या गल्लीतून, कुठल्या साली, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवावं. गावाचं नाव पूर्ण लिहावं.