‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ आणि ईस्टरचा उठाव

शॉन ओ'केसी ह्याच्या ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ ह्या नाटकाचा पहिला प्रयोग डब्लिनच्या अ‍ॅबी नाट्यगृहात ८ फेब्रुवारी १९२६ रोजी झाला आणि त्याच आठवड्यात प्रेक्षकांपैकी काहींनी प्रयोग उधळून लावण्याचा यत्न केला. तेव्हापासून ह्या नाटकाविषयी दोन मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे ते १९१६ च्या हुतात्म्यांची विटंबना करणारे नाटक आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ते युद्धमात्राचा धिक्कार करणारे नाटक आहे. ही मते परस्परविरुद्ध असली, तरी ते नाटक म्हणजे उठावावर दिलेला निकाल होय, हे दोन्ही पक्षांना गृहीत आहे. ह्या गृहीताचीच तपासणी व्हावयास हवी. ओ'केसीचे नाटक जितके इतिहासाला उद्देशून आहे, तितकेच ते एका पूर्वीच्या नाटकाला दिलेले उत्तर आहे. आणि त्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही त्या उत्तराच्या स्वरूपातच सामावलेली आहेत.

ते पूर्वीचे नाटक म्हणजे ‘कॅथलीन नी हूलिहान’. २ एप्रिल १९०२ रोजी डब्लिन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला व त्यात मॉड गॉन हिने नायिकेची भूमिका केली. येट्सच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ह्या एकांकिकेच्या लेखनात लेडी ग्रेगरीचा वाटा फार मोठा होता, हे आता अभ्यासकांनी मान्य केले आहे. कथा १७९८ सालच्या बंडाची, किलाला ह्या किनाऱ्यालगतच्या गावातील. शेतकऱ्याच्या घरी मायकेल ह्या मुलाच्या लग्नाची तयारी चालू असते. हुंड्याची रक्कम मोजून होते, नवा पोशाख पाहून होतो. इतक्यात एक अनोळखी म्हातारी दाराशी येते. आपल्या घरात परके शिरले आहेत, आपली चार हिरवी शेते हिरावून घेतली गेली आहेत, असे गाऱ्हाणे ती सांगते. तिच्या वाणीने भारलेला मायकेल नियोजित वधू डेलिया हिचा हात सोडून फ्रेंच सैन्याला मिळण्यासाठी निघून जातो, आणि ती म्हातारी तरुण व राजस झाल्याचे घरातील धाकट्या मुलाच्या तोंडून कळते. तेथेच पडदा पडतो. प्रेक्षकाची दृष्टी मायकेलच्या मागोमाग उंबरठ्याबाहेर गेलेली असते. मागे राहिलेल्या डेलियाचे काय झाले, हे विचारण्यास नाटक त्याला अवसर देत नाही.

ह्या एकांकिकेचा प्रभाव केवळ वाङ्मयीन नव्हता. २५ एप्रिल १९१६ रोजी अ‍ॅबी नाट्यगृहात तिचा पुन्हा प्रयोग व्हावयाचा होता. आदल्या दिवशी उठाव झाल्यामुळे तो रद्द करावा लागला. त्याच नाट्यगृहाशी संबंधित नट शॉन कॉनोली हा उठावाच्या पहिल्याच दिवशी सिटी हॉलच्या लढाईत मारला गेला. आपल्या नाटकाने काही माणसांना मृत्यूच्या वाटेवर धाडले काय, हा प्रश्न येट्सने आयुष्याच्या अखेरीस ‘मॅन अँड द एको’ ह्या कवितेत स्वतःलाच विचारला.

ओ'केसीची नाट्यरचना ह्या पार्श्वभूमीवर पाहिली असता तिचा हेतू स्पष्ट होतो. जेथे ‘कॅथलीन’ संपते, तेथे त्याचे नाटक सुरू होते. स्थळ शेतकऱ्याच्या झोपडीऐवजी डब्लिनमधील एका पडक्या, दाटीवाटीच्या चाळीचे; पहिल्या दोन अंकांचा काळ नोव्हेंबर १९१५ चा, शेवटच्या दोन अंकांचा ईस्टर सप्ताहाचा. नोरा क्लिथेरो ही डेलियाचीच पुढील अवस्था होय. तिचे लग्न झाले आहे, आणि त्या बकाल वस्तीत चार भिंतींचा नेटका संसार उभारण्याची तिची धडपड चालू आहे. नवऱ्याची सिटिझन आर्मीत कमांडंट म्हणून नेमणूक झाल्याचे पत्र ती त्याला न दाखवता जाळून टाकते. ह्या कृतीत प्रेम आहे, भय आहे आणि स्वार्थही आहे. नाटककाराने त्यातील काहीही झाकलेले नाही. सत्य उघड होताच जॅक तिला झिडकारून निघून जातो.

दुसऱ्या अंकात ‘कॅथलीन’मधील म्हातारीची जागा एका आवाजाने घेतली आहे. दारूच्या गुत्त्याच्या खिडकीबाहेर सभा चालली आहे आणि वक्त्याची केवळ छायाकृती दिसते. त्याला नाव नाही. पण त्याचे शब्द पॅट्रिक पिअर्सच्या भाषणांतून व लेखांतून घेतलेले आहेत. रक्तपाताला पावित्र्य देणारी ती वाणी मधूनमधून आत येते आणि आत मात्र तहान वाढते, बाचाबाची होते. दोन बायकांच्या भांडणात एक तान्हे मूल गुत्त्याच्या जमिनीवर तसेच टाकून दिले जाते. ह्यातील हास्य हे ओ'केसीचे खरे हत्यार आहे. उदात्त वाणी आणि जमिनीवरील मूल एकाच वेळी प्रेक्षकासमोर ठेवून तो वीररसाला त्याची किंमत विचारतो. अंकाच्या शेवटी जॅक व त्याचे दोन सोबती ध्वज घेऊन येतात आणि देश हा आईपेक्षा, पत्नीपेक्षा मोठा, असे म्हणून कारावास, जखम आणि मरण ह्यांचे स्वागत करतात. पुढील अंकांत लँगन जखमी होतो व जॅक मरतो. नोराचे मूल मृत जन्मते आणि तिची बुद्धी भ्रमिष्ट होते. तिला खिडकीपासून दूर ओढणारी बेसी बर्जेस सैनिकांच्या गोळीला बळी पडते. बेसी ही ब्रिटिश राजसत्तेशी एकनिष्ठ असलेली, शेजाऱ्यांना शिव्या घालणारी बाई. नाटकातील सर्वांत निःस्वार्थ त्याग तिच्या वाट्याला यावा, ही योजना विलक्षण आहे. तिने कोणतीही घोषणा केलेली नसते.

इतिहासाने ह्या चित्राला पुष्टी दिली आहे. ग्लासनेव्हिन स्मशानभूमीच्या न्यासाने केलेल्या गणनेनुसार उठावात ४८५ माणसे दगावली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते.

तथापि नाटकाविरुद्ध उठलेला आवाज अडाण्यांचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निषेधाच्या अग्रभागी असलेल्या हॅना शीही-स्केफिंग्टन ह्यांचे पती फ्रान्सिस हे शांततावादी होते. उठावाच्या काळात लूटमार थांबविण्याचा प्रयत्न करीत असता ते पकडले गेले आणि २६ एप्रिल १९१६ रोजी चौकशीविना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. लुटीचा अंक रंगमंचावर पाहताना ह्या बाईंना काय वाटले असेल, ह्याची कल्पना करता येते. शासकीय अनुदान घेणाऱ्या नाट्यगृहाने उठावाची अशी प्रतिमा उभी करावी, हा त्यांचा आक्षेप राष्ट्रीय स्वरूपाचा होता. नाटकातील वेश्येमुळे अस्वस्थ झालेल्यांच्या आक्षेपाहून तो वेगळा होता. येट्सने रंगमंचावर येऊन प्रेक्षकांची निर्भर्त्सना केली, पण ह्या आक्षेपाचे उत्तर त्या भाषणात नव्हते.

ते उत्तर नाटकातही नाही, आणि येथेच त्याची मर्यादा दिसते. उठावात सामील झालेली माणसे मूर्ख किंवा अहंकारी नव्हती. सिटिझन आर्मीचा जन्म १९१३ च्या डब्लिनमधील टाळेबंदीतून, कामगारांच्या संरक्षणासाठी झाला. ओ'केसी स्वतः १९१४ मध्ये तिचा चिटणीस होता आणि त्याच वर्षी मतभेदामुळे बाहेर पडला. ही पार्श्वभूमी त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? तरीही नाटकात समाजवादाची भाषा बोलणारा कव्ही हा केवळ पोपटपंची करणारा आहे, आणि जॅकला लढण्यास प्रवृत्त करते ती प्रामुख्याने प्रतिष्ठेची हाव. शस्त्र हाती घेतलेल्या काउंटेस मार्कियेविच वा नटी हेलेना मलोनी ह्यांच्यासारख्या स्त्रियांना तर ह्या नाटकात स्थानच नाही; स्त्री म्हणजे घर आणि पुरुष म्हणजे रणांगण ही ‘कॅथलीन’मधील विभागणी ओ'केसीने उलटी केली, पण मोडली नाही.

शिवाय नाटक ईस्टर सप्ताहातच थांबते. ३ मे १९१६ पासून सुरू झालेल्या देहदंडांनी लोकमत पालटले आणि पराभूत उठावाला स्वातंत्र्याच्या कथेत मानाचे स्थान मिळाले. १९२६ चा प्रेक्षक त्या देहदंडांच्या स्मृतीतून मागे पाहत होता. नाटक त्याला ती स्मृती बाजूला ठेवावयास सांगत होते. संघर्षाचे मूळ ह्या कालभेदात आहे.

ओ'केसीच्या नाटकाला उठावाचा निवाडा म्हणून वाचले, तर ते एकांगी ठरते. डेलियाच्या बाजूने दिलेली साक्ष म्हणून वाचले, तर ते आयरिश रंगभूमीवरील अत्यंत आवश्यक नाटक ठरते. साक्षीदाराने सर्व काही पाहिलेले नसते; त्याने पाहिले ते खरे असावे, एवढीच अपेक्षा असते. मायकेलच्या बाजूची साक्ष ‘कॅथलीन’ने आधीच दिली होती, आणि तीही अपुरीच होती. ही दोन्ही नाटके एकाच संस्थेच्या परंपरेत शेजारी शेजारी उभी आहेत, आणि ‘कॅथलीन’च्या कर्त्यानेच दुसऱ्याच्या रक्षणासाठी रंगमंचावर पाऊल ठेवले. ईस्टरच्या उठावाचा अर्थ ज्याला वाङ्मयातून समजून घ्यावयाचा असेल, त्याने ह्यांपैकी कोणतेही एक नाटक दुसऱ्यावाचून वाचू नये.