लंपनचे न-जाणणे

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या संग्रहांतील कथांकडे बालपणाच्या स्मरणरम्य कथा म्हणून पाहिले, तर त्यांच्या निवेदनरचनेतील मूळ ताण निसटतो. लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील कानडी वळणाचे मराठी बोलणाऱ्या लहान गावात, आजी-आजोबांकडे वाढतो. आपल्याला घरून का पाठवले, हा प्रश्न त्याला छळत राहतो. मोठ्यांकडून माया भरपूर मिळते. त्याला पटेल असे कारण मिळत नाही. प्रथमपुरुषी निवेदन हे न-जाणणे प्रौढ शहाणपणाने भरून काढीत नाही. कुटुंबातील अनुक्त तसेच अनुक्त राहते.

सुमीशी असलेल्या त्याच्या सख्याचा अर्थ या संदर्भातच लागतो. तिच्या सहवासात प्रश्न सुटत नाही, पण सुसह्य होतो. ‘मॅड’ हा लंपनचा लाडका शब्दही भाषेच्या पातळीवर हेच कार्य करतो: ज्या भावनेला मोठ्यांच्या भाषेत नाव नाही, तिला तो तात्पुरता आश्रय देतो. गुपिताची उकल करण्यापेक्षा ते सोसणाऱ्या मनाची घडण संतांना महत्त्वाची वाटते. स्मरणरम्यतेचा शिक्का मारणारी समीक्षा नेमके हे सोसणेच नजरेआड करते.